गॅलरीतलं कबुतर आणि हातातला फोन

सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. गाडी किती डब्यांची, जलद की धिमी, आपला डबा कुठल्या खांबापाशी थांबतो, ठाण्याला कुठल्या बाजूला उतरायचं, हे सगळं तिथल्या माणसाला झोपेतही ठाऊक असतं. आठ-चारची गाडी आठ-सातला आली तर त्याचा चेहरा असा होतो, की जणू लग्नाचा मुहूर्त टळला.

हाच माणूस रविवारी दुपारी घरी असतो. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर गेल्या गणपतीपासूनची काळी साय जमलेली असते.

"अहो, पंखा पुसणार होतात ना?"

"पाच मिनिटं गं."

या पाच मिनिटांत तो नॉर्वेमधल्या कुणा अनोळखी माणसाला बर्फात लाकडी झोपडी बांधताना पाहतो. मग खानदेशी वांग्याच्या भरताची कृती, मग चिखलात रुतलेला जेसीबी, मग २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकातलं जोगिंदर शर्माचं शेवटचं षटक. मिसबाहचा तो फटका श्रीशांतच्या हातात जाणार हे त्याला तेव्हापासून माहीत आहे, तरीही तो श्वास रोखून बघतो. तासाभराने मान वर करतो तेव्हा पंखा होता तसाच असतो.

मला या माणसाचं हसू येत नाही, नवल वाटतं. तीन मिनिटं वाया गेली म्हणून रेल्वेला शिव्या घालणारा आणि तासभर हसत वाया घालवणारा माणूस एकच कसा? आळशी म्हणावं तर रोज पहाटे उठून, दाराला लोंबकळून, पन्नास किलोमीटर जाणाऱ्या माणसाला तो शब्द लावायला जीभ रेटत नाही.

पहिला धागा घड्याळातच सापडतो. ठाण्याला मिनिटांची सवय फार जुनी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, पुढच्या वर्षी मे महिन्यात रूळ कल्याणपर्यंत गेले, आणि तेव्हापासून या पट्ट्यातल्या पिढ्या दुसऱ्याने लावलेल्या घड्याळावर वाढल्या. रेल्वेचं घड्याळ, मग पाण्याचं. पाणी अमुक वाजता येणार म्हटलं की पिंप, कळशी, बादली ओळीने तयार. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवत असतील त्यांना हेही आठवेल, की वीज जायच्या आत इडलीचं पीठ वाटून व्हायचं, इस्त्री उरकायची, पंपाने टाकी भरायची. तेव्हा कुणी चालढकल केली नाही. करता येतच नव्हती.

म्हणजे ज्या कामाला बाहेरचं घड्याळ आहे ते होतं. गळका नळ, माळ्यावरचा पसारा, पंखा, फाटलेली डासांची जाळी, मिक्सरचं तुटलेलं झाकण, जुन्या पासबुकांची पिशवी यांना घड्याळ नसतं. ती आज केली काय, पुढच्या गुरुवारी केली काय, गाडी चुकत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षं भिजत घोंगड्यासारखी पडून राहतात.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातले पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरचं तोवरचं शेकडो जणांचं संशोधन एकत्र करून तपासलं. काम जितकं नकोसं आणि त्याचं फळ जितकं दूर, तितकं ते पुढे जातं, हा त्यातला ठळक निष्कर्ष. त्यात एक गंमत आहे. ज्यांना सगळं अगदी नीटनेटकंच हवं असतं तेच कामं लांबवतात, ही आपली लाडकी समजूत. 'मी केलं तर व्यवस्थितच करेन, म्हणून थांबलोय' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. आकड्यांनी या सबबीला फारसा आधार दिला नाही.

मग कॅनडातलेच टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस यांनी २०१३ मध्ये प्रश्न थोडा फिरवला. टाळणारा माणूस नक्की काय टाळतो? माळा टाळतो, की माळा पाहून मनात जे येतं ते? शिडी लावून वर डोकावलं की तिथे वडिलांच्या औषधांचा डबा असतो, मुलीच्या पहिलीतल्या वह्यांची चळत असते, न वापरलेला आणि परत न करता आलेला कढईचा संच असतो. काय ठेवायचं, काय टाकायचं, प्रत्येक वस्तूपाशी एक छोटा कौल द्यायचा. धुळीपेक्षा हे जड. त्यांचं म्हणणं असं, की चालढकल म्हणजे वेळेचं गणित चुकणं नव्हे. आत्ताच्या क्षणी मन बरं करून घेण्याची ती धडपड असते. शिडी न लावताच मन हलकं होतं, आणि बिल उद्याच्या 'मी'च्या नावावर फाटतं.

समर्थांनी दासबोधात आळसाला भरपूर झोडपलं आहे. त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही, पण आळशी माणूस निवांत पडलेला असतो आणि चालढकल करणारा निवांत नसतो, एवढा फरक नोंदवून ठेवतो. २०१५ मध्ये अमेरिकेत जेसिका मायरिक यांनी मांजरांचे व्हिडिओ पाहणाऱ्या जवळजवळ सात हजार लोकांना प्रश्न विचारले. पाहून झाल्यावर मंडळी ताजीतवानी झाली होती. मात्र काम बाजूला टाकून पाहणाऱ्यांच्या मजेत अपराधाची बोच मिसळलेली होती. मांजर बघतानाही पंखा डोक्यावर फिरतच असतो.

आता गॅलरीकडे वळू, कारण या गोष्टीतला सर्वात नवलाचा भाग तिथे बसून घुमतो आहे.

घोडबंदर रोडचे टॉवर असोत की डोंबिवली पूर्वेतल्या चार मजली जुन्या सोसायट्या, कबुतराने प्रत्येक छज्ज्यावर हक्क सांगितलेला आहे. मूळचा हा कड्याकपारींत राहणारा पक्षी. त्याला आपली इमारत म्हणजे सरळसोट कडा, आणि एसीचं बाहेरचं यंत्र म्हणजे आयती कपार. चार काड्या टाकल्या की घरटं झालं, दोन अंडी घातली की गॅलरी साफ करण्याचं आपलं काम आणखी दीड महिना लांबलं. पिल्लं उडेपर्यंत हात कसा लावणार? टाळण्यासाठी यापेक्षा पुण्यवान सबब मला माहीत नाही.

तर याच पक्ष्यावर जेम्स मेझर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. विषय होता, कबुतरांची चालढकल. थट्टा नव्हे, निबंधाच्या शीर्षकातच हा शब्द आहे. मेझरने कबुतरांपुढे दोन पर्याय ठेवले. एकात थोडं काम लगेच करायचं, म्हणजे बटणावर ठरावीक वेळा चोच मारायची. दुसऱ्यात तेच काम थोड्या वेळाने करायचं, पण ते कितीतरी जास्त असणार. दाणे दोन्हीकडे सारखेच. शहाण्याने पहिला पर्याय घ्यावा. कबुतरं पुन्हा पुन्हा दुसरा घेत होती. आत्ताचं थोडं नको, मागाहून ढीगभर चालेल.

ही ओळ वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कबुतराला वीजबिल नाही, सासूबाई येणार नाहीत, त्याने मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाहिलेले नाहीत, आणि त्याच्या घरात मोबाइलही नाही. तरी त्याचं आणि आपलं दुखणं एकच. म्हणजे हे इंटरनेटच्याही आधीचं आहे, माणसाच्याही आधीचं असेल.

जॉर्ज एन्स्ली या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकात, तेही कबुतरांवरच्या प्रयोगातून, यामागची आकडेमोड दाखवली होती. दूरच्या गोष्टीची किंमत आपल्या मनात सावकाश, एकसारखी कमी होत नाही; अगदी जवळची गोष्ट मात्र अचानक अवाढव्य वाटू लागते. नौपाड्यातल्या तीन मजली इमारतीच्या अगदी पुढ्यात उभं राहिलात तर मागचा चाळीस मजली टॉवर दिसत नाही, तसं हे आहे. शनिवारी रात्री पंखा आणि फोन दोन्ही दूर असतात, तेव्हा पंखा मोठा दिसतो आणि आपण 'उद्या नक्की' म्हणतो. ते खोटं नसतं. रविवारी दुपारी फोन हाताच्या अंतरावर येतो आणि टॉवर झाकून टाकतो.

कबुतरांचा ऋणानुबंध इथे संपत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात कबुतरांना क्षेपणास्त्रात बसवून चोचीने नेम साधायला शिकवायचा घाट घातला होता. सैन्याला ते पटलं नाही, पण कबुतरं स्किनरकडे राहिली. चार्ल्स फर्स्टरबरोबर त्याने १९५७ मध्ये त्यांच्या चोचींचा जाडजूड हिशेब छापला. ठरावीक टोचे मारले की दाणा मिळणार, असा नेम असेल तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबतं, आणि पुढचं काम जितकं मोठं तितका तो थांबा लांबतो. दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्या, काहीच सांगता येत नाही, असं केलं की थांबा जवळपास नाहीसा होतो. कबुतर टोचतच राहतं.

अंगठ्याने पडदा वर सरकवणारी आपली हालचाल आठवा. एक व्हिडिओ रटाळ, दुसरा रटाळ, तिसरा बरा, चौथा रटाळ, पाचव्याला पोट धरून हसू. कितव्याला दाणा पडेल ते कुणालाच ठाऊक नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी ऐकल्या तेव्हा त्याहून विलक्षण काही हाती लागलं. फळाचा रस मिळण्याची खूण म्हणून दिवा लागायचा. काही दिवसांत पेशी रसाला सोडून दिव्यालाच दाद देऊ लागल्या. २००३ च्या प्रयोगात तर रस मिळेल की नाही ही शक्यता निम्मी-निम्मी असताना, वाट पाहण्याच्या त्या क्षणांत काही पेशींची हालचाल सर्वांत वाढलेली दिसली. मिळाल्याच्या आनंदापेक्षा 'मिळेल का' याची हुरहुर मेंदूला जास्त जागं ठेवत असावी.

याला जोड मिळाली एका साध्या कारागिरीची. पूर्वी पान संपायचं. 'पुढील पान' असं दाबावं लागायचं, आणि त्या क्षणात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या तरुण अमेरिकी संगणक-रचनाकाराने तळच नसलेलं पान तयार केलं; खाली जाल तसा मजकूर येत राहतो. लोकांचा त्रास वाचावा हा त्याचा हेतू. पुढे त्यालाच त्याचा पस्तावा झाला, आणि तो त्याने जाहीरपणे बोलून दाखवला. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. रविवारचा दूरदर्शनवरचा मराठी सिनेमा संपायचा, बातम्या लागायच्या, आणि बाप्ये नाइलाजाने उठायचे.

तळ नसलेली विहीर तयार झाली तरी दोर महाग होता. २०१४ मध्ये भारतात एका जीबी डेटाला सरासरी २६९ रुपये पडत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि २०१८ पर्यंत तोच भाव १२ रुपयांच्या आत आला. वडापावच्या किमतीत दुपार काढता येऊ लागली.

इथपर्यंतची गोष्ट जगभराची आहे. आपल्याकडचा पेच त्यापुढे सुरू होतो, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. पूर्वी काम एका खोलीत असायचं आणि करमणूक दुसऱ्या. बिल भरायला रांगेत जावं लागे. रांगेत करमणूक नव्हती, म्हणून बिल भरून माणूस घरी यायचा. आता घरकामाचा निम्मा भाग फोनमध्येच जाऊन बसला आहे. गॅस बुक करायचा फोनवर, महावितरणचं बिल फोनवर, मालमत्ता कर फोनवर, शाळेची फी फोनवर, प्लंबरला पाठवायचा गळक्या नळाचा फोटोही फोनवर. काम आणि पळवाट एकाच काचेखाली, बोटभर अंतरावर.

गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटचंच उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवायची, असा नियम राज्याने लावला. वेळ ऑनलाइन घ्यायची. ठाण्याची एमएच-०४ आणि कल्याणची एमएच-०५ ची मंडळी फोन घेऊन बसली. गाडीचा चासी क्रमांक हवा. तो आरसी बुकवर. आरसी बुकचा फोटो व्हॉट्सअॅपवर कधीतरी स्वतःलाच पाठवलेला. तो शोधायला व्हॉट्सअॅप उघडलं, तर सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून जुंपलेली. ती वाचेपर्यंत मेहुण्याने पाठवलेली रील. रील पाहून झाल्यावर माणूस फोन खाली ठेवतो आणि त्याला खरोखर वाटतं, की आपण नंबरप्लेटचं काम करत होतो!

सरकारचं तरी काय वेगळं झालं? मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती. मग ३० एप्रिल. मग ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर. एन्स्लीची ती आकडेमोड याहून ठसठशीत कुणी मांडून दाखवली नसेल. मुदत जवळ आली की केंद्रांवर झुंबड, मुदत वाढली की शुकशुकाट. महापालिकांनाही माणसाचा हा स्वभाव पाठ आहे. कर लवकर भरणाऱ्याला सूट आणि वर्षानुवर्षं थकवणाऱ्याला व्याजमाफीची अभय योजना, ही दोन्ही आमिषं त्यांनीच टाकलेली. प्रामाणिकपणे वेळेवर भरणारा डोंबिवलीकर अभय योजनेचा फलक वाचून जे पुटपुटतो ते इथे छापता येणार नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्या प्रयोगांत दिसत नाही. ती आपल्या स्वयंपाकघरात दिसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. २०१९ मध्ये दिवसभरात बिनपगारी घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. २०२४ च्या पाहणीत हे काम करणाऱ्या बाईची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं, पुरुषाची ८८. पण मिनिटांपेक्षा कामांची वाटणी बघा. पोळ्या, डबे, पाणी भरणं, मुलांची शाळा, दूध तापवणं, या सगळ्याला घड्याळ आहे. सहाला कुकर लावला नाही तर सातचा डबा भरत नाही. ही कामं बाईकडे. पंखा, नळ, माळा, नंबरप्लेट, 'सवडीने' करायची ती सगळी पुरुषाकडे. पुढे ढकलता येण्याजोगी कामं वाट्याला येणं हीच मोठी चैन आहे. बाईही फोन बघते, नाही कोण म्हणतं; पण पोळी तव्यावर असताना. तिची रील करपण्याच्या वासाने संपते.

मग करायचं काय? इथे एक जुनी गोष्ट नव्याने कामी येते. १९२७ मध्ये बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी म्हटलं, की अर्धवट राहिलेलं काम माणसाला पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात हे सापडतं. जवळजवळ शतकानंतर सगळे प्रयोग एकत्र मोजल्यावर त्या दाव्यात फारसा दम उरला नाही. टिकला तो मारिया ओव्ह्स्यांकिना यांचा १९२८ चा निष्कर्ष: सुरू केलेल्या कामात खंड पडला, तर कुणी न सांगता माणूस त्याकडे परत वळतो. लक्षात राहो न राहो, हात परत जातात. म्हणून 'पंखा पुसायचा' हे ठरवू नये. स्टूल पंख्याखाली ठेवून, एक पातं पुसून, मग खुशाल बसावं. उरलेली दोन पाती काळी ठेवून जगणं फार कमी लोकांना जमतं.

दुसरा उपाय जर्मनीतले पीटर गोल्विट्झर सांगतात. 'करेन' म्हणण्याऐवजी कधी, कुठे आणि कशानंतर करेन हे नेमकं ठरवलं, तर काम होण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. डोंबिवलीकराला हे सांगायची गरज नसावी. तो आयुष्यभर तेच करत आला आहे, फक्त रेल्वेसाठी. घरकामालाही त्याने एखादी गाडी जोडून द्यायला हवी. आपल्या आज्या हेच करायच्या. दिवाळीआधी डबे घासून निघायचे, पाडव्याआधी जळमटं निघायची, पाहुणे यायचे म्हणून पडदे धुतले जायचे. सणाचं वेळापत्रक हे घराचं टाइमटेबल होतं. १९९९ पासून डोंबिवलीत पाडव्याला स्वागतयात्रा निघते. त्या रस्त्यावरच्या गॅलऱ्या आदल्या रात्री कशा लखलखीत होतात ते एकदा जाऊन पाहा.

सण लांब असेल तर मध्य रेल्वे आहेच. रविवारचा मेगाब्लॉक कुठे आणि किती ते किती, हे शनिवारीच जाहीर होतं. ठाणे-कल्याण मार्गावर ब्लॉक असेल त्या रविवारी कुठे जायचं नसतंच. ब्लॉक सुरू होईल त्या मिनिटाला फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गॅलरीत जा. घरट्यात अंडी किंवा पिल्लं नाहीत ना, ते आधी बघा. कबुतराची सुकलेली घाण कोरड्या झाडूने मुळीच झाडू नका, तिची धूळ फुप्फुसांना बाधते. तोंडाला मास्क लावा, आधी पाणी मारा, भिजू द्या, मग खरवडा. आणि पंखा पुसणारे अहो घरात असतील, तर बादली त्यांच्या हातात द्या.